सहा जुने फोन आणि बावीस मुलं

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सूत्रसंचालकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेतही तास संपल्याचं हाच सगळ्यांच्या आधी ओळखायचा, त्यामुळे मी वेळ पाळणार आहे.

समितीनं मला 'आयटी क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. वीसेक वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते आहे, तेव्हा ते ओघानंच आलं. पण त्या संधींची माहिती तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त आहे. म्हणून मी विषय बदलून मागितला. तो आपल्या भागातलाच आहे आणि त्यात मला तुमची गरज आहे.

इथून तासाभराच्या अंतरावर, बालाघाटच्या डोंगरात एक गाव आहे. तिथं जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण तिथं शिकवते. ती आज समोर बसली आहे आणि 'माझं नाव घेतलंस तर बघ' असं तिनं सकाळी चहाच्या वेळीच बजावलं आहे. गावाचं नावही मी घेणार नाही आणि मुलांचीही नाही. का, ते पुढे येईलच.

गेली तीन वर्षं महिन्यातला एक शनिवार-रविवार आम्ही दोघी पाचवी ते सातवीच्या मुलांना फोटो काढायला शिकवतो. स्पर्धेत पाठवण्याचे फोटो नव्हेत. आपल्या घरात, शेतात, गावात रोज जे चालतं त्याची नोंद ठेवायला शिकवतो. पहिल्या वर्षी मुलं बावीस होती आणि फोन सहा. ते फोन माझ्या सहकाऱ्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. एकाची काच तडकलेली, एकाची बॅटरी दोन तासांत संपणारी. सिमकार्ड कशातच नाही, इंटरनेट नाही, खेळ काढून टाकलेले. मेमरी कार्डाची खाच असलेलेच फोन मी निवडले होते, कारण मुलांशी आमचा पहिला करार हा होता: फोन सगळ्यांचा, कार्ड ज्याचं त्याचं. प्रत्येकाचं कार्ड एका छोट्या पाकिटात, पाकिटावर नाव, आणि पाकीट ज्याच्या त्याच्या दप्तरात.

आता गावाबद्दल. तुम्हाला हे सांगायला नको, पण ही स्मरणिका बाहेरगावी आणि परदेशातही जाणार आहे म्हणून थोडक्यात सांगते. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूर-नगरकडे, कुणी कर्नाटकात. नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती हंगामभर तोडून फेडायची. पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. मधले पाच-सहा महिने मुलांचं काय? काही आजीजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहाच्या योजनेत जेवतात. काही आईवडिलांबरोबर जातात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात. त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पण तिकडची शाळा किती लांब आहे आणि धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, यावर ते अवलंबून असतं.

या सगळ्याचे फोटो आपण पाहिलेले आहेत. वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात: डोक्यावर मोळी घेतलेली बाई, बैलगाडीवर बसलेलं मूल. हे फोटो काढणारी माणसं चांगल्या हेतूनं येतात आणि संध्याकाळी परत जातात. ज्याचा फोटो काढला त्याच्याकडे त्याची प्रत बहुधा नसते. त्याखाली काय छापलं तेही त्याला माहीत नसतं. माझ्या मैत्रिणीनं मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्या पोरांचे फोटो लई लोकांकडं आहेत. पोरांकडंच नाहीत." त्या वाक्यावर आमचं काम उभं आहे.

शिकवतो कसं, ते सांगते, कारण इथं बरेच जण शिक्षक आहेत आणि यातलं बरंचसं उद्यापासून कुणालाही करता येईल.

पहिल्या दिवशी आम्ही फोन काढतच नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची खिडकी कापायची. ती डोळ्यापुढे धरून शाळेभोवती फिरायचं आणि खिडकीत काय दिसलं ते वहीत लिहायचं. चौकट धरली की काहीतरी आत येतं आणि काहीतरी बाहेर राहतं, आणि ते आपण ठरवतो, हे कळायला फोन लागत नाही.

दुसरा धडा विचारण्याचा. "काढू का?" हे दोन शब्द आधी. समोरच्यानं नाही म्हटलं तर नाही. आजी म्हणाली, थांब लुगडं बदलून येते, तर थांबायचं.

तिसरा उजेडाचा. भर दुपारी चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. सकाळी आणि उन्हं कलल्यावर फोटो चांगला येतो. घरात काढायचा तर माणसाला दाराजवळ बसवायचं, आपण दाराकडे पाठ करायची. चौथा अंतराचा. एकाच गोष्टीचे तीन फोटो काढायचे: लांबून सगळं अंगण, मधून काम करणारं माणूस, जवळून त्याचे हात. आणि जवळून म्हणजे चालत जवळ जाऊन. स्क्रीनवर बोटं पसरून साध्या फोनमध्ये फोटो फक्त कापला जातो, जवळ जात नाही.

पाचवा नियम आपल्या पिढीला लगेच कळेल. आठवड्याला फक्त छत्तीस फोटो. आपल्या लहानपणी रोल छत्तीसचा असायचा. लग्नात एक रोल संपला की दुसरा आणायचा का यावर मोठ्यांची चर्चा व्हायची. आता फोनमध्ये हजारो मावतात, पण मोजके असले की मूल काढण्याआधी थांबतं.

आणि सहावी गोष्ट, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: प्रत्येक फोटोखाली तीन ओळी. पहिली ओळ, कोण, कुठं, कधी. दुसरी, फोटोत जे दिसत नाही ते. तिसरी, मी हा का काढला. ओळी मुलांनी त्यांच्या बोलीत लिहायच्या. 'हाय' चं 'आहे' आम्ही करत नाही. माझी मैत्रीण मराठीच शिकवते, तिला सुरुवातीला ते जड गेलं. आता तीच कुणी दुरुस्त करायला लागलं तर हात धरते.

पहिल्या आठवड्याचे फोटो पाहण्यासारखे होते. मुलांनी इस्त्रीचे कपडे घातले, एकानं चुलत्याचा गॉगल लावला, सात जणांनी एकाच मोटरसायकलवर आळीपाळीनं बसून फोटो काढले. 'हे काही खरं जीवन नाही' असं म्हणून ते बाजूला ठेवणारे लोक मला भेटले आहेत. मला तसं वाटत नाही. आपण कसं दिसावं असं वाटतं, हीसुद्धा नोंदच आहे. आपणही स्टुडिओत जाऊन रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहिलोच होतो.

हळूहळू बाकीचं येऊ लागलं. दिवाळीनंतर सहावीतला एक मुलगा एक पूर्ण आठवडा फक्त कुलपांचे फोटो काढत होता. गावातली कुलपं. एकोणीस निघाली. नुसती पाहिली तर एकोणीस कुलपं, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण खालच्या ओळी वाचा. 'हे कुलूप नवं हाय. जुनं काडीनं उघडायचं.' 'ह्या घरात म्हातारी हाय. बाहेरून कुलूप मागच्या खोलीचं हाय.' 'हे आमचं. चावी माझ्याकडं हाय, मी आजीकडं झोपतो.' मग लक्षात आलं की त्या मुलानं आपल्या गावाची जनगणना केली आहे. कोण गेलं, कोण राहिलं, कोण एकटं आहे. आणि ती करायला लागणारी माहिती बाहेरच्या कुठल्याही छायाचित्रकाराकडे असणं शक्य नव्हतं.

मुलांच्या हाती कॅमेरा देण्याची कल्पना काही माझी नाही. कोडॅक कंपनीनं १९०० साली 'ब्राउनी' नावाचा एक डॉलरचा कॅमेरा काढला, तो मुलांसाठी म्हणूनच विकला. मुलांनी आपल्या जगण्याची नोंद करावी या दृष्टीनं ज्यांनी मोठं काम केलं त्यांत वेंडी इवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकार बाईंचं नाव घ्यावंच लागतं. १९७५ पासून काही वर्षं त्या केंटकी राज्यातल्या डोंगराळ, कोळसा खाणींच्या भागात शाळेतल्या मुलांना शिकवत होत्या. मुलांनी साधे इन्स्टामॅटिक कॅमेरे दहा-दहा डॉलरला विकत घेतले होते आणि फिल्म मुलं स्वतः धुवायची. विषय ठरलेले: मी, माझं कुटुंब, माझी जनावरं आणि माझी स्वप्नं. त्यातून १९८५ मध्ये 'पोर्ट्रेट्स अँड ड्रीम्स' हे पुस्तक झालं. ह्याच बाई पुढे आपल्या शेजारी, गुजरातमधल्या विछिया नावाच्या गावातही येऊन राहिल्या आणि तिथल्या मुलांना त्यांनी कॅमेरे दिले. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९६ चं आहे.

दुसरं उदाहरण चीनच्या युन्नान प्रांतातलं. तिथं १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या दोघींनी खेड्यातल्या ६२ बायकांना कॅमेरे दिले. बायकांनी पाण्याचे, शेतातल्या कामाचे, कामाच्या वेळी एकट्या राहणाऱ्या पोरांचे फोटो काढले आणि त्यांवर एकत्र बसून चर्चा केली. ती चर्चा अधिकाऱ्यांपर्यंत नेली. या पद्धतीला त्यांनी 'फोटोव्हॉइस' असं नाव दिलं. त्यातला कळीचा भाग फोटोनंतरचा आहे: इथं काय दिसतंय, खरं काय चाललंय, याचा आपल्याशी काय संबंध, हे असं का आहे, आपण काय करू शकतो. आमच्या तीन ओळी याच प्रश्नांची छोटी भावंडं आहेत. आणि आपल्याकडे पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताच्या रोजच्या जगण्याची नोंद ठेवते आणि ती मराठीतही वाचायला मिळते. शिक्षकांनी ती जरूर पाहावी.

आता दुसऱ्या वर्षाची एक गोष्ट. ती सांगायला मी त्या मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेतली आहे.

सहावीतली ही मुलगी आईवडिलांबरोबर फडावर निघाली. जाताना तिनं विचारलं, "फोन नेऊ का?" एकच्या एक फोन पाच महिने बाहेर जाणार, तो परत येईल का, चार्जिंग कुठं होणार, यावर वर्गात चर्चा झाली आणि मुलांनीच ठरवलं की न्यावा. ती तडकलेल्या काचेचा फोन घेऊन गेली. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर चार्जिंग करायची. पाडव्याला परतली तेव्हा कार्डावर दोनशेच्या आत फोटो होते आणि वहीत त्यांच्या ओळी.

त्यांत एक फोटो पूर्ण काळा होता. काळा म्हणजे काहीच नाही. सगळे फोटो मी लॅपटॉपवर घेतले तेव्हा गॅलरीच्या सॉफ्टवेअरनं आपणहून सुचवलं की यातले अमुक इतके फोटो अंधारे किंवा अस्पष्ट आहेत, काढून टाकायचे का? त्या यादीत हा पहिला होता. अशी सॉफ्टवेअर कशी बनतात ते मला माहीत आहे. 'चांगला फोटो' कशाला म्हणायचं हे कुठल्या तरी कार्यालयात माझ्यासारख्याच कुणीतरी ठरवलेलं असतं: उजेड पुरेसा, कडा स्पष्ट, डोळे उघडे. तिच्या वहीत त्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: 'पहाटे तीन. माय आन् बापू तोडीला निघाले. दिसत नाय, आवाज येतोय. मी भावाला धरून बसले म्हणून उठता आलं नाय.'

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे: फोटो काढून टाकण्याचा अधिकार फक्त तो काढणाऱ्या मुलाला. मला नाही, बाईंना नाही, सॉफ्टवेअरला तर नाहीच.

ती मुलगी वर्गात आली तेव्हा हजेरीपटावर तिच्या नावापुढे पाच महिने रिकामे होते. पुढचे दोन आठवडे माझ्या मैत्रिणीनं भाषेचे आणि गणिताचे तास त्या फोटोंवर घेतले. मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, काट्यावर टन कसे मोजतात, वाढं कशाला म्हणतात आणि ते विकून काय येतं, हे ती फळ्यापाशी उभी राहून सांगत होती आणि बाकीचे लिहून घेत होते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं काम ते, पण शाळेत त्याचा धडा पहिल्यांदा झाला.

आणखी एक. तिच्या वडिलांनी तिला काट्याच्या पावतीचा फोटो रोज काढून ठेवायला सांगितला होता. हंगाम संपल्यावर हिशेबाच्या वेळी पावत्या एकत्र लागतात आणि कागद घामानं, पावसानं खराब होतो. ते फोटो मी पाहिलेले नाहीत. तिनं ते 'घरच्यांसाठी' ठेवलेत. उपयोग झाला का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, "बापूनं मला जत्रंत सायकल घेतली."

'घरच्यांसाठी' म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे प्रत्येक मुलाचे तीन कप्पे असतात. 'सगळ्यांसाठी', 'गावासाठी' आणि 'घरच्यांसाठी'. कुठला फोटो कुठं ठेवायचा हे मूल ठरवतं आणि उद्या मत बदललं तर कप्पा बदलता येतो. फक्त 'सगळ्यांसाठी' मधले फोटो गावाबाहेर दाखवायचे, तेही पालकांच्या लेखी संमतीनंतर.

या कप्प्यांची परीक्षा लवकरच झाली. एका कंपनीच्या सामाजिक उपक्रम विभागाला आमचं काम आवडलं. नवे टॅब्लेट, छपाईचा खर्च, पुण्यात प्रदर्शन, असं सगळं ते देणार होते. ती मंडळी गावात आली, मुलांशी प्रेमानं बोलली. मग त्यांना त्यांच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी एक फोटो हवा झाला. कोपीत, झोळीत झोपलेला धाकटा भाऊ, अंगावर फाटकी बंडी, डोळ्यांभोवती माश्या. फोटो याच मुलीचा. ओळी लिहिण्यासाठी तिनं वर्गात फोन उघडला होता तेव्हा त्यांच्या नजरेला पडला. तो तिनं 'घरच्यांसाठी' ठेवला होता. तिला विचारलं. ती नाही म्हणाली. "तो मोठा झाल्यावर त्याला दाखवायचाय. तवा त्यानं ठरवावं." त्याऐवजी तिनं दुसरा देऊ केला: तिची आई दुपारच्या सुट्टीत फडाच्या बांधावर बसून हमी कार्डावरची अक्षरं वाचते आहे. त्यांना तो चालला नाही. दोनदा फोन आले, आम्ही तेच उत्तर दिलं, आणि मदत आली नाही. नव्या टॅब्लेटची वाट पाहणाऱ्या मुलांना ते सांगणं सोपं नव्हतं. मुलीला मात्र कुणी बोल लावला नाही.

कायद्यानंही बाजू तिचीच आहे. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात मुलाला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क दिला आहे, लिहून, बोलून किंवा कलेच्या माध्यमातून. भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती सांगितली आहे. पण मला कायद्याहून तिचं वाक्य जास्त पटतं. भावाच्या चेहऱ्यावर भावाचा हक्क.

आमचं प्रदर्शन मग गावातच झालं. २६ जानेवारीला शाळेत पाहुणे येतात, तेव्हा करू, असं ठरत होतं. मुलं म्हणाली, "तवा बघणार कोण? ज्यांचे फोटो हायेत ते तर फडावर." म्हणून पाडव्यानंतरच्या आठवड्यात, लोक परतल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधून चिमट्यांनी फोटो लावले. प्रत्येकाखाली तीन ओळी. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मुलं वाचून दाखवत होती. कुलपांच्या फोटोंपुढे सगळ्यांत जास्त गर्दी होती. जो तो आपापलं कुलूप शोधत होता. संध्याकाळी प्रत्येक फोटो ज्याचा होता त्याला घरी न्यायला दिला.

आता थोडं माझ्या व्यवसायाचं. हे सगळं टिकणार कसं? डिजिटल म्हणजे कायमचं, असा एक समज आहे. उलट आहे. अल्बममधला फोटो माळ्यावर चाळीस वर्षं पडला तरी सापडतो. फोन बंद पडला की तीन वर्षं एका क्षणात जातात. आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमच्याकडे मुलाचं कार्ड, शाळेच्या कपाटातली हार्ड डिस्क आणि माझ्या घरची एक, अशा तीन आहेत, आणि निवडक फोटोंचे कागदी प्रिंट. 'घरच्यांसाठी'च्या कप्प्याला मात्र आम्ही हात लावत नाही. त्याची दुसरी प्रत मूल आपल्याच घरी ठेवतं.

फाइलचं नाव म्हणजे तारीख, मुलाचा क्रमांक आणि फोटोचा क्रमांक. फोनमधली जागेची नोंद बंद, कारण फोटोच्या फाइलमध्ये तो कुठं काढला हेही लपलेलं असू शकतं आणि लहान मुलांच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, म्हणून मूळ फाइल तशी फिरवायची नाही. आणि ओळी युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. हे का महत्त्वाचं? या स्मरणिकेच्या समितीला विचारा. आपल्या शाळेच्या जुन्या अंकाची फाइल सापडली, उघडली तर सगळी चिन्हंच चिन्हं. ज्या फॉन्टात ती टाइप केली होती तो कुणाकडे नाही. सरांचे लेख त्यात आहेत आणि वाचता येत नाहीत.

समितीनं गटावर जुने फोटो मागवले तेव्हाचं आठवा. आपल्या दहावीचा वर्गाचा फोटो अकरा जणांनी पाठवला. अकराही जणांकडे तोच एक. आपण दहा वर्षं या शाळेत होतो. मधल्या सुट्टीचा, हापशीवरच्या रांगेचा, गॅदरिंगच्या रात्री वर्गात रंगवत बसलेल्यांचा एकही फोटो कुणाकडे नाही. आणि त्या एका फोटोत तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा कोण, यावर दोन दिवस वाद झाला. शेवटी ज्येष्ठ बाईंनी ओळखलं. तो आठवीनंतर आईवडिलांबरोबर तोडीला जायचा, हंगाम संपला की यायचा. फोटोच्या दिवशी योगायोगानं हजर होता. त्याचं नाव आता फोटोखाली छापलं आहे, ते बाईंमुळे.

म्हणून मागणं मागते आणि थांबते.

पहिलं, जुने फोन द्या. मेमरी कार्डाची खाच असलेले, चार्जरसह, आणि तुमची माहिती पूर्ण पुसून. बॅटरी दोन तास टिकली तरी पुरे. फुटकी काच चालते. आमचा सगळ्यांत चांगला फोन तोच आहे.

दुसरं, छपाईला वर्गणी द्या. दरवर्षी प्रत्येक मुलाला त्याच्या दहा फोटोंचे प्रिंट मिळावेत एवढीच इच्छा आहे. हिशेब मैत्रीण ठेवते आणि तिचा हिशेब कसा असतो ते शाळेत तिच्या बाकावर बसलेल्यांना माहीत आहे.

तिसरं, महिन्यातून एक संध्याकाळ. मुलांच्या वहीतल्या ओळी युनिकोडमध्ये टाइप करायच्या आहेत, जशाच्या तशा. परदेशात असलेल्यांनाही हे करता येईल. फक्त 'हाय' चं 'आहे' करायचं नाही.

चौथं, मुलांचे फोटो मागू नका आणि गटावर टाकू नका. पाहायचे असतील तर पाडव्यानंतर गावात या. पत्ता मैत्रीण देईल. मुलं वाचून दाखवतील.

आणि शेवटचं आपल्यासाठी. घरी गेल्यावर जुना अल्बम काढा. फोटोच्या मागं, कडेला, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेननं दाबून नको, पुढच्या बाजूला वळ उठतो. ज्यांना नावं आठवतात ती माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या. आज इथं पुढच्या रांगेत आपले सर आणि बाई बसले आहेत. जेवणानंतर वर्गाचा फोटो घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. अजून चार नावं बाकी आहेत.